ताव, घाव, पाणी

श्रीपूरला गाळपाचा हंगाम जवळ आला की दोन आगी पेटतात. पहिली साखर कारखान्याच्या बॉयलरमधली. तिला मुहूर्त असतो, पूजेला जोडपं बसतं, पत्रिका वाटल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘बॉयलर अग्निप्रदीपन’ अशा भारदस्त मथळ्याची बातमी येते. दुसरी आग रस्त्याकडेच्या लोहाराच्या भट्टीत पेटते. तिची बातमी होत नाही. पण ती पहिलीच्या आधी पेटलेली असते. बॉयलर कितीही तापला तरी गव्हाणीत ऊस पडल्याशिवाय साखर होत नाही, आणि ऊस अजूनही मोठ्या प्रमाणात कोयत्यानंच तुटतो. मला तर हंगाम त्या दुसऱ्या आगीपाशीच सुरू होतो असं वाटत आलं आहे.

माळशिरस तालुक्यातलं हे गाव कारखान्याभोवती वाढलं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये बृहन महाराष्ट्र शुगर सिंडिकेट ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना इथे उभा राहिला. त्याच दशकात जवळच्या माळीनगरात सासवडच्या माळी मंडळींचा कारखाना आला, नीरेपलीकडे वालचंदनगर वसलं. आज श्रीपुरात श्री पांडुरंग सहकारी साखर कारखाना आहे. या साऱ्या इतिहासात रोलरची नोंद आहे, टर्बाइनची आहे, चिमणीचीही आहे. कोयता, खुरपं, फाळ, बैलगाडीच्या चाकाची धाव यांची नोंद ठेवायचं कुणाच्या मनात आलं नाही. ती सगळी लोहाराच्या हातची. आणि त्या हातांनी आपल्याला वस्तूंइतकीच भाषाही दिली. ती भाषा आपण रोज बोलतो. ती मुळात कामाची सूचना होती, हे मात्र विसरून गेलो आहोत.

‘ताव’ हा शब्द घ्या. लोखंड भट्टीत तापवून बाहेर काढायचं आणि त्यातली धग टिकते तोवर ठोकायचं, हा एक ताव. एखादी वस्तू किती तावांत होते यावरून कारागिराचा हात कळतो. कसलेला लोहार चार तावांत जे करतो त्याला शिकाऊ पोराला दहा लागतात, आणि प्रत्येक जादा तावाबरोबर लोखंडाची थोडी साल खवल्यांसारखी झडून जाते. वस्तू झिजते, कोळसा जातो. म्हणून भट्टीतून तुकडा बाहेर काढण्याआधी पुढचे सगळे घाव मनात घालून झालेले असले पाहिजेत. कुठून सुरुवात, कुठल्या कुशीवर कधी वळवायचं, शेवटचा घाव कुठे, हे ऐरणीवर ठरवायला वेळच नसतो. अर्ध्या मिनिटात लाली उतरायला लागते.

‘लोखंड तापलंय तोवर घाव घालावा’ हे आपल्याला पाठ आहे, आणि त्याचा अर्थ आपण घाई करा असा घेतो. भट्टीपाशी तासभर उभं राहिलं की निराळं दिसतं. लोहाराचा निम्मा वेळ वाट बघण्यात जातो. तो भाता ओढतो किंवा पंखा फिरवतो, कोळसा सारखा करतो, तुकड्याची कूस बदलतो आणि रंगाकडे बघत राहतो. आधी मंद तांबूस, मग जास्वंदीसारखा लाल, मग नारिंगी, मग पिवळा. लालभडक दिसणारं पोलाद वरून तापलेलं असलं तरी पोटात थंड असू शकतं. त्यावर घाव घातला तर आत चीर जाते, आणि ती चीर त्या दिवशी दिसत नाही. सहा महिन्यांनी, भर हंगामात, फडात कोयता मोडतो तेव्हा दिसते. उलट, रंग पांढऱ्यावर गेला आणि तुकड्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडू लागल्या की पोलाद जळलं. आता त्याला कुणीच दुरुस्त करू शकत नाही, तेवढा भाग कापूनच टाकावा लागतो. ती म्हण अर्धीच आहे असं मला वाटतं. उरलेली अर्धी लोहार तोंडानं सांगत नाही, भाता ओढता ओढता दाखवतो: तापू दे, पुरतं तापू दे, आणि वेळेत काढ.

लोहाराचं पाल किंवा खोपट अंधारं का असतं, याचंही उत्तर या रंगातच आहे. उन्हात लाल रंग फिका दिसतो आणि माणूस तुकडा गरजेपेक्षा जास्त तापवतो. म्हणून भट्टी सावलीत हवी. शहरातून आलेल्या माणसाला तो अंधार गरिबीचा वाटतो. ती त्या कारागिराची मोजपट्टी असते. त्याच्याकडे थर्मामीटर नाही, पण ज्या रंगाला तो ‘झालं’ म्हणतो तिथे तापमान मोजलं तर फार फरक पडायचा नाही. साधारण ७७० अंश सेल्सिअसच्या पुढे लोखंडाला चुंबक चिकटत नाही. काही कारागीर आता चुंबकाचा खडा जवळ ठेवतात, आणि डोळ्यांनी ठरवलेलं त्या खड्यानं पडताळतात.

भट्टीवरचं पहिलं शहाणपण मात्र रंगाचं नाही, बिनरंगाचं आहे. लाल लोखंडानं फारसं कुणी भाजत नाही, कारण ते दिसतं. भाजतं ते काळं लोखंड. लाली गेल्यावरही चारशे अंशांचा तुकडा अगदी थंड तुकड्यासारखा काळा दिसतो, आणि नवं पोरगं तो उचलायला जातं. त्यामुळे शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतात की खाली पडलेलं सगळं लोखंड गरम समजायचं, आणि हात लावायचाच तर आधी हाताची पाठ जवळ नेऊन धग बघायची. पाठ भाजली तर काम चालू राहतं, तळवा भाजला तर आठवडाभर सांडशी धरता येत नाही.

घावाकडे येऊ. ऐरणीपाशी दोन माणसं असतात. एकाच्या डाव्या हातात सांडशी आणि उजव्या हातात लहान हातोडी. समोरच्याच्या दोन्ही हातांत घण. जोर घणाचा असतो, अक्कल हातोडीची. हातोडी जिथे टिचकी मारते तिथेच पुढचा घण पडायचा, तिरकी टिचकी असेल तर घणही तिरका. हातोडीनं लोखंड सोडून ऐरणीच्या कडेवर वाजवलं की थांबायचं. एवढ्या आवाजात बोलणं शक्यच नसतं, म्हणून ही टकटकीची भाषा झाली. लांबून ऐकणाऱ्याला तो ठेका वाटतो. जवळ गेल्यावर कळतं की ती विचारणा आणि उत्तरं आहेत.

‘एक घाव दोन तुकडे’ आपण फार अभिमानानं म्हणतो. लोहार छन्नीनं सळई तोडताना असं कधीच करत नाही. तो जाडीचा बराचसा भाग तोडतो, तुकडा उलटतो, दुसऱ्या अंगानं खाच पाडतो आणि शेवटचा धागा राहिला की ऐरणीच्या कडेवर नेऊन हलक्या हातानं मोडून घेतो. एकाच जोरदार घावात छन्नी आरपार गेली तर तिची धार ऐरणीवर आदळते, छन्नीही जाते आणि ऐरणीला खड्डाही पडतो. त्या खड्ड्याची खूण मग पुढे घडणाऱ्या प्रत्येक वस्तूवर उमटत राहते. गावच्या भांडणांत ‘एक घाव दोन तुकडे’ करणाऱ्यांना मी हे सांगून पाहिलं आहे. काहींना पटलं.

ऐरणीचं मराठीतलं स्थान मोठं आहे. वर्तमानपत्रांत रोज कुठला ना कुठला प्रश्न ‘ऐरणीवर’ येतो. भालजी पेंढारकरांच्या १९६५ च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटातलं जगदीश खेबुडकरांनी लिहिलेलं ऐरणीचं गाणं ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा, आणि तो चित्रपट होताच मुळी एका लोहार जोडप्याचा. त्याच्या कितीतरी आधी तुकोबांनी खऱ्या हिऱ्याची परीक्षा ऐरण आणि घण यांच्या मधे लावून ठेवली. त्यांची पालखी अकलूज-माळीनगर करत याच भागातून बोरगावकडे जाते. वारीच्या दिवसांत या रस्त्यावर टाळांचा आवाज असतो, एरवी कधीकधी घणाचा. दोन्ही लोखंड-पितळेचेच आवाज आहेत, असं मनात येतं.

पण लोहाराच्या विद्येचा गाभा घावात नाही, पाण्यात आहे. कोयता घडून झाला, घासून झाला, तरी तो अजून कोयता नसतो. त्याला पाणी द्यावं लागतं. पातं पुन्हा लाल करून नुसती धार पाण्यात बुडवायची, पाठ बाहेर ठेवायची. धार क्षणात टणक होते, पण काचेसारखी ठिसूळही. मग पातं बाहेर काढून धारेजवळचा भाग विटेच्या तुकड्यानं घासून चकचकीत करायचा आणि बघत राहायचं. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या चकचकीत पट्टीवर रंग चालत येतात: आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. पिवळा साधारण सव्वादोनशे अंशांना, निळा तीनशेच्या आसपास. हे रंग म्हणजे पोलादावर चढलेला गंजाच्या जातीचा अतिशय पातळ थर असतो, जाडी वाढते तसा रंग बदलतो. पिवळ्यावर थांबलं तर धार कडक राहते, पण दगड लागला की तुकडा उडतो. निळ्यावर गेलं तर धार मोडणार नाही, पण टिकणारही नाही. कोयत्यासारख्या आदळणाऱ्या हत्याराला तपकिरी आणि जांभळ्याच्या दरम्यान कुठेतरी पकडावं लागतं, आणि तो रंग धारेपाशी पोचताक्षणी पुन्हा पाण्यात. हे सगळं काही सेकंदांत घडतं. पाठ मऊ, धार कडक. पाठ मार सोसते म्हणून धार कापू शकते.

आता आपले शब्द आठवून पाहा. पाणीदार माणूस. पाणी दाखवणं, पाणी जोखणं. एखाद्याचं पाणी उतरणं. या शब्दप्रयोगांतलं सगळंच पाणी लोहाराचं आहे असं म्हणणार नाही, मोत्यालाही पाणी असतं. पण हत्याराचं पाणी त्यात नक्की आहे. आणि ‘पाजवणं’? विळा पाजवला, कुऱ्हाड पाजवली असं आपण म्हणतो, तेव्हा त्या लोखंडाला तहान असते आणि लोहार ती भागवतो असंच जणू भाषेला सुचवायचं असतं. आमच्याकडे ‘शेवटणं’ही म्हणतात: खुरपं शेवटून आणलं, म्हणजे झिजलेली धार तापवून, ठोकून पुन्हा पातळ करून आणली. ‘घडणं’ हे क्रियापद तर फारच लांब गेलं. लोखंड घडतं, माणूस घडतो आणि प्रसंगही घडतो.

हे पाणी उतरवायचा सोपा मार्ग अलीकडे हातोहात मिळाला आहे. बोथट कोयता वीज-ग्राइंडरवर धरला की अर्ध्या मिनिटात धार येते, ठिणग्या छान उडतात आणि धारेवर निळी झाक चढते. ती झाक दिसली की समजावं, दिलेलं पाणी गेलं. पातळ धार घर्षणानं तीनशे अंशांच्या पुढे तापली आणि मऊ पडली. दुपारपर्यंत ती वळते, माणूस पुन्हा ग्राइंडरकडे जातो आणि ‘हल्ली पोलादच चांगलं येत नाही’ म्हणतो. ऊसतोड कामगार कमरेला किंवा पिशवीत कानस ठेवतात ते याचसाठी. कानशीनं धार हळू लागते, पण तापत नाही.

धारेचा हा विचार फडात थेट पैशाचा होतो. उसाची गोडी बुडख्याकडे जास्त असते, म्हणून ऊस जमिनीलगत तोडायचा. बोथट कोयत्याचा घाव बुडखा चिरडतो. पुढच्या वर्षी त्याच बुडख्यातून खोडवा फुटायचा असतो. चिरडलेल्या खोडात रोग शिरतो आणि फुटवे कमी येतात. धारदार कोयत्याचा काप स्वच्छ असतो. एका वर्षीच्या धारेचं पीक दुसऱ्या वर्षी दिसतं.

कोयत्याचं पोलाद कुठून येतं? बहुतेक वेळा मोटारीच्या भंगारातून. ट्रकचा कमानपाटा, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्या, ही लोहाराची खाण. त्यात कार्बनचं प्रमाण अर्धा टक्का किंवा किंचित जास्त असतं, त्यामुळे त्याला पाणी चढतं. साध्या सळईत कार्बन इतका कमी की कितीही वेळा बुडवा, ती मऊच राहते. अनोळखी तुकडा आला तर लोहार तो ऐरणीवर टाकून आवाज ऐकतो, किंवा दगडावर घासून ठिणगी बघतो. मऊ लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते, पोलादाची ठिणगी टोकाला झाडासारखी फुटते. आणि तुकडा बिडाचा निघाला तर तो बाजूला ठेवून देतो. बीड ओतायचं असतं, ठोकायचं नसतं. घणाखाली ते वाकत नाही, फुटतं. ऊस तोडायला जी माणसं इथे येतात त्यातली कितीतरी ज्या जिल्ह्यातून येतात, त्याचं नावही बीड. या जुळणीला काही अर्थ नाही, पण ती डोक्यातून जात नाही.

ओतीव लोखंडानं महाराष्ट्राच्या शेतीत पाय ठेवला तेव्हा गावोगाव खळबळ झाली होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडानं जमीन विषारी होईल या भीतीनं तो सुरुवातीला कुणी घेईना. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर गेला. भीती खोटी होती. मात्र गावाच्या लोहाराचं एक मोठं काम त्या नांगराबरोबर कारखान्यात गेलं, हे खरं. बलुत्याच्या व्यवस्थेत लोहार थोरल्या ओळीतला. वर्षभर फाळ, कुळवाची पास, विळे सांभाळायचे आणि सुगीला धान्य घ्यायचं. या व्यवस्थेत जातीचा जाच होता आणि तिच्याबद्दल हळहळ वाटून घ्यायचं कारण नाही. तरी त्यातली एक गोष्ट हरवली त्याचं मला वाईट वाटतं: ज्यानं हत्यार घडवलं त्यालाच ते वर्षभर दुरुस्त करावं लागे. वाईट काम केलं तर ते त्याच्याच भट्टीवर परत येई.

दख्खनची ही विद्या एकेकाळी जगानं अभ्यासली. इथल्या मुशीत तयार झालेलं पोलाद इंग्रजांनी ‘वुट्झ’ नावानं विलायतेला नेलं. कानडीतल्या ‘उक्कु’ या शब्दाचं ते बिघडलेलं रूप मानतात. सोलापूर जिल्ह्यात, जिथे कानडी बाजारात रोज कानावर पडते, तिथल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. त्या वुट्झचं रहस्य शोधायला १८१९ च्या सुमारास लंडनमध्ये जो तरुण बसला होता त्याचं नाव मायकेल फॅरेडे. तो लोहाराचा मुलगा होता.

आता धावेबद्दल सांगतो, कारण लोहार आणि सुतार यांचं इतकं सुंदर काम दुसरं नाही आणि ते जवळजवळ संपलं आहे. ऊसवाहतुकीला टायरगाड्या आल्या आणि लाकडी चाकं मागे पडली. लाकडी चाकाला सांध्यांनी धरून ठेवता येत नाही. खड्ड्याखड्ड्यानं आरे खिळखिळे होतात. म्हणून त्याच्यावर लोखंडी कडं चढवतात, ती धाव. गंमत अशी की ती मुद्दाम लहान करायची. सुतानं चाकाचा घेर मोजायचा आणि कडं त्याहून बोट-दोन बोटं कमी ठेवायचं. मग मोकळ्या जागेत गोवऱ्यांच्या वर्तुळात ते कडं तापवायचं. पाच फूट व्यासाच्या चाकाचा घेर पावणेपाच मीटरांच्या आसपास. लोखंड सहाशे अंश तापलं की तेवढ्या लांबीत साडेतीन-चार सेंटीमीटर वाढतं. तीन-चार जण सांडशांनी ते लाल कडं उचलून चाकावर बसवतात, लाकूड पेट घेतं, धूर होतो, आणि त्याच क्षणी चहूबाजूंनी पाणी. कडं आकसतं. आरे तुंब्यात कचकचत घट्ट बसतात, चाक बोलतं असं म्हणतात. त्यात खिळ्याचं काम फारसं राहत नाही. बोटभर कमी धरण्याचा अंदाज चुकला तर दोन्हीकडून नुकसान: कमी आवळलं तर धाव निसटते, जास्त आवळलं तर आरे वाकतात.

केंद्र सरकारनं १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत लोहार आहे. प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार, कमी व्याजाचं कर्ज मिळतं. चांगलंच आहे. पण या भागात भट्टी चालवणाऱ्यांत घिसाडी कुटुंबंही आहेत, बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारी. त्यांची स्वतःची बोली आहे, तारेमुकी. कागदावर पत्ता लिहा म्हटलं की त्यांची अडचण सुरू होते. खंडेनवमीला मात्र त्यांची ऐरण जिथे असेल तिथे पुजली जाते.

घिसाड्यांच्या पालापाशी एक दृश्य हमखास दिसतं. सांडशी आणि हातोडी नवऱ्याच्या हातात, घण बायकोच्या. दिवसभर ती घण उचलते.

आणि ऊसतोडीच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे एक माणूस नव्हे, नवरा-बायको मिळून एक. मुकादम टोळी कोयत्यांत मोजतो, उचल कोयत्यावर ठरते, एकट्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात, संप झाला तर ‘कोयता बंद’. तो ऊस तोडतो, ती पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. पुष्कळदा तोडतेही तीच. कोयता घडवायला दोन माणसं लागतात, चालवायलाही दोन, आणि दोन्हीकडे मोजताना एकच धरतात.

दिवाळी झाली की श्रीपूर-अकलूजच्या रस्त्यावर टोळ्या उतरायला लागतात. भट्टीसमोर कोयत्यांचा ढीग पडतो. बाई घण उचलते, हातोडी टिचकी मारते, घण पडतो, पुन्हा टिचकी, पुन्हा घण. मग हातोडी ऐरणीच्या कडेवर वाजते. बाई घण जमिनीला टेकवून पदरानं तोंड पुसते. पातं पाण्यात जातं, चर्र होतं, आणि समोर टायरगाडीच्या जुवापाशी थांबलेली दुसरी बाई हात पुढे करून आपला कोयता घेते, आणि अंगठ्यानं आडवी धार बघते.